कार्ड बसलं, पण कुठल्या बसवर?

बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या मशीन शॉपच्या ऑफिसात टेबलाखाली पंधरा-वीस वर्षांचा टॉवर सर्व्हर अजून घरघरत असतो. सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवायचे म्हणून त्यात चार पोर्टांचं सिरियल कार्ड घालायचं ठरतं. मोकळा दिसला त्या स्लॉटात कार्ड बसतं आणि प्रोग्रॅम जाऊ लागतात. दुसऱ्या दिवसापासून मात्र हिशेबाच्या फायली रखडत उघडतात आणि आळ डिस्कवर येतो. डिस्क बिचारी ठणठणीत असते. चुकलेला असतो तो स्लॉट.

त्या काळच्या बऱ्याच सर्व्हरांत पीसीआय-एक्स जातीचे लांब स्लॉट असतात. कन्नडभाषक मदतनीस त्यांना ‘उद्द स्लॉट’ म्हणाला, तरी बोट त्याच स्लॉटांकडे असतं. या स्लॉटांना बहुधा प्रत्येकी वेगळी वाट नसते. दोन-तीन स्लॉट मिळून एकच बस वापरतात. सर्व्हर सुरू होतानाच त्या बसचा वेग ठरतो, आणि तो ठरतो सगळ्यांत हळू कार्डावरून. निपाणीच्या रस्त्यावर गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे सगळ्या गाड्यांची जी गत होते, तीच इथे होते. फरक एवढाच, की इथे ओव्हरटेक नाही.

हिशेब सोपा आहे. ही बस ६४ बिटांची, म्हणजे एका ठोक्याला ८ बाइट. १३३ मेगाहर्ट्‌झवर सेकंदाला सुमारे १०६६ मेगाबाइट जाऊ शकतात. त्याच बसवर ३३ मेगाहर्ट्‌झचं सिरियल कार्ड आलं, की सगळी बस साध्या, म्हणजे आधीच्या हळू पीसीआयच्या चालीने चालते आणि कमाल २६६ मेगाबाइट उरतात. शेजारच्या रेड कार्डाला (अनेक डिस्का एकत्र सांभाळणारं कार्ड) आणि गिगाबिट नेटवर्क कार्डाला तेवढ्यातच भागवावं लागतं. कार्डाच्या कडेवर एम६६ईएन नावाची एक पिन असते. ३३ मेगाहर्ट्‌झचं कार्ड ती ग्राउंडला जोडून ठेवतं, आणि बोर्डाला त्यावरून ‘हळू चल’ हे कळतं.

म्हणून कार्ड उचलण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूचा नकाशा बघायचा. कुठला स्लॉट कुठल्या बसवर, हे बहुतेक सर्व्हरांत तिथे छापलेलं असतं. नसेल तर स्लॉटाजवळ बोर्डावर वेग लिहिलेला सापडतो. एका बसवर एकच स्लॉट असेल तर १३३, दोन असतील तर १००, चार असतील तर ६६ मेगाहर्ट्‌झ, असा साधारण हिशेब असतो. सिरियल कार्ड आखूड ३२ बिटी स्लॉटात टाकावं, कारण त्याची बस बहुधा वेगळी असते. रेड कार्डाला एकट्याची बस मिळाली तर उत्तमच.

कार्ड बसत नसेल तर जोर लावू नका. मागच्या पत्रीपट्टीजवळ आडवी रीब असेल तर स्लॉट ३.३ व्होल्टचा, पट्टीपासून लांब असेल तर ५ व्होल्टचा. पीसीआय-एक्स स्लॉट ३.३ व्होल्टचेच असतात. फक्त ५ व्होल्टचं जुनं कार्ड त्यात जातच नाही आणि जाऊही नये. दोन खाचांचं कार्ड दोन्हीकडे चालतं.

झाकण उघडण्याआधी दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सर्व्हर बंद दिसला तरी वायर जोडलेली असेपर्यंत बोर्डावर स्टँडबाय वीज असते. एका वेळी एकच कार्ड घाला. तीन कार्डं एकदम घालून मग ‘कोण बिघडलं’ म्हणून शोधत बसण्यात संध्याकाळ जाते.

दुसरी हमखास अडचण काळ्या स्क्रीनवर दिसते: ‘ऑप्शन रॉमसाठी जागा नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. कार्ड मेलेलं नसतं. जुन्या बायोसमध्ये (सर्व्हर सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) कार्डांच्या स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी पहिल्या एक मेगाबाइटमधला फक्त १२८ किलोबाइटांचा पट्टा राखलेला असतो. त्यातला मोठा घास डिस्प्लेच घेतो. उरलेल्यात रेड कार्ड, स्कझी (जुन्या पद्धतीच्या डिस्कांचं) कार्ड आणि नेटवर्कवरून बूट करण्याचा प्रोग्रॅम, सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. सर्व्हर नेटवर्कवरून बूट करायचा नसेल, तर बायोसमध्ये जाऊन बोर्डावरच्या नेटवर्क पोर्टांचं पीएक्सई, म्हणजे नेटवर्क बूट, बंद करा. बहुतेक वेळा तेवढ्यात जागा होते. ज्या कार्डावरून बूट करायचं नाही, त्याचाही बूट बायोस बंद ठेवावा. नाहीतर नवं कार्ड बूटच्या रांगेत पुढे घुसतं आणि सर्व्हर रिकाम्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम शोधत बसतो.

रेड कार्ड बदलल्यावर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (डिस्कांवर आधीच्या कार्डाची मांडणी) सापडल्याचा संदेश आला, तर ‘इम्पोर्ट’ निवडायचं. ‘क्लिअर’ निवडलं की डिस्कांची जुनी मांडणी पुसली जाते. बॅकअप घेतलेला नसेल तर या स्क्रीनसमोर घाई करूच नये.

नंतर आलेल्या पीसीआय एक्सप्रेसच्या सर्व्हरांत बस वाटून घेण्याची भानगड नाही, पण लांबी फसवते. आठ लेनांचा (लेन म्हणजे डेटाची एक वाट) दिसणारा स्लॉट आतून चारच लेनांचा असू शकतो. २०१२ नंतरच्या दोन प्रोसेसरांच्या बोर्डांवर काही स्लॉट थेट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. त्या प्रोसेसरचा सॉकेट रिकामा असेल, तर त्या स्लॉटातलं चांगलं कार्डही सापडत नाही. लिनक्सवर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन ‘एलएसपीसीआय -व्हीव्ही’ (lspci -vv) ही आज्ञा चालवली, की कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष मिळालेल्या लेना एकाखाली एक दिसतात.

फौंड्रीजवळच्या सर्व्हरात लोखंडाची बारीक धूळ बसते, आणि ती वीज वाहते. आधी बोर्ड साफ करा, मगच कार्ड काढा; नाहीतर कचरा स्लॉटात पडतो. सोनेरी कडा खोडरबराने घासायची सवय आपल्याकडे जुनी, पण त्याने मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं फडकं पुरतं. रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या परत लावा. त्या नसल्या की पंख्याची हवा भलतीकडून निसटते आणि रेड कार्ड तापतं.

नेटवर्क कार्ड एका स्लॉटातून दुसऱ्यात हलवलं, की विंडोज त्याला नवंच समजतं. जुना आयपी पत्ता द्यायला गेलं तर तो आधीच दुसऱ्या अडॅप्टरला दिल्याचं सांगतं. तो दुसरा म्हणजे हेच कार्ड, जुन्या स्लॉटातलं. नव्या विंडोजात डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगून ती फिकट दिसणारी नोंद काढली, की पत्ता मोकळा होतो.