एच-इंडेक्स सात

माझी भाची मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी शिकवते. पदोन्नतीच्या अर्जात एच-इंडेक्सचा, म्हणजे संशोधनाचं मोजमाप करणाऱ्या एका आकड्याचा, रकाना होता. तिने 7 लिहिलं आणि रात्री मला फोन केला. "मामा, इतक्या वर्षांचं काम आणि आकडा सात. फारच कमी दिसतो ना रे?"

कमी की जास्त हे ठरवण्याआधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. एखाद्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये, म्हणजे शोधनिबंधात, दुसऱ्याच्या पेपरचा संदर्भ दिला, की त्या दुसऱ्या पेपरच्या नावावर एक सायटेशन जमा होतं. हे संदर्भ पद्धतशीर गोळा करण्याची कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडली. त्यांचा हेतू होता एका पेपरवरून पुढच्या पेपरचा माग काढण्याचा. माणसांना गुण देण्यासाठी या नोंदी वापरणं नंतर रुळलं. 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला.

त्याचं गणित सोपं आहे. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. ज्या शेवटच्या क्रमांकाच्या पेपरला निदान त्या क्रमांकाइतकी सायटेशन आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. भाचीची यादी अशी: 40, 22, 15, 9, 8, 8, 7, 5, 2. सातव्या पेपरला सात सायटेशन आहेत, आठव्याला मात्र पाचच. म्हणून एच-इंडेक्स 7. पहिल्या पेपरला 40 ऐवजी 400 सायटेशन असती तरी आकडा सातच राहिला असता. हर्श यांना तेच हवं होतं. एकाच गाजलेल्या पेपरने संशोधकाचं मोजमाप होऊ नये. पण त्यामुळे एखादं खरोखर मोठं कामही या आकड्यात दिसत नाही.

मोठं काम म्हणजे कसलं, याचं मुंबईतलंच उदाहरण घेऊ. तेव्हा टाटा मेमोरियलमध्ये असलेले डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाची एक चाचणी केली. गाठ लहान आहे, मानेतल्या ग्रंथी हाताला लागत नाहीत; मग मानेची शस्त्रक्रिया आत्ताच करायची की ग्रंथी सुजल्यावर? शल्यविशारदांत यावरून अनेक दशकं मतभेद होते. 2015 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पहिल्या 500 रुग्णांचे निष्कर्ष आले. आधीच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्या गटात 67.5 टक्के. म्हणजे साधारण दर आठ रुग्णांमागे एक जीव. या विषयावर लिहिणाऱ्याला हा पेपर टाळून पुढे जाता येत नाही, त्यामुळे त्याची सायटेशन वाढत राहतात. इथे सायटेशन आणि उपयोग हातात हात घालून चालतात.

नेहमी तसं होत नाही. 1952 मध्ये परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजचे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये जेमतेम दोन पानांचा पेपर लिहिला. काही माणसांच्या रक्तपेशींवर 'ए' आणि 'बी' तर नव्हतेच, 'ओ' गटातल्या माणसांत असणारा 'एच' प्रतिजनही (रक्तगट ठरवणारा पेशीवरचा पदार्थ) नव्हता. हाच बॉम्बे रक्तगट. त्या माणसाला साधं 'ओ' रक्त दिलं तर जिवावर बेततं. आज जगभरच्या रक्तकेंद्रांत हे नाव ठाऊक आहे, पण ते लिहिताना मूळ पेपरचा संदर्भ प्रत्येक जण देत नाही. शोध पाठ्यपुस्तकात मुरला की पुढचे लोक पाठ्यपुस्तकाचा संदर्भ देतात.

आकडा वाचताना आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. लेखकांच्या यादीत पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असतं. शेकडो लेखकांच्या जागतिक अहवालात मधेच कुठे नाव असलं तरी सायटेशन पूर्ण मिळतात. आढावा घेणाऱ्या लेखांना भरपूर मिळतात, एका रुग्णाच्या नोंदीला फार थोडी. गूगल स्कॉलर प्रबंधही मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या दुसऱ्या नोंदसंग्रहापेक्षा बहुधा मोठा दिसतो. आणि इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपरमागे सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, हा जर्नलचा असतो, त्यातल्या एखाद्या पेपरचा नव्हे. ही गल्लत निवड समित्यांतही होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुलनाच करायची तर 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीकडे पाहावं. देशातल्या 579 वैद्यकीय संस्थांपैकी 332 संस्थांच्या नावावर 2005 ते 2014 या काळात एकही पेपर सापडला नव्हता. रुग्णांच्या गर्दीत शिकवणी सांभाळून नऊ पेपर लिहिणं सोपं नाही, हे मी भाचीला सांगितलं.

मग तिला शेवटच्या, दोन सायटेशनवाल्या पेपरबद्दल विचारलं. बाहेरून 'ओ' असा रिपोर्ट घेऊन आलेली एक बाळंतीण प्रत्यक्षात बॉम्बे गटाची निघाली, त्याची ती नोंद होती. बाहेरच्या लॅबने फक्त रक्तपेशी तपासल्या होत्या. भाचीच्या टीमने त्या बाळंतिणीचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशी नसलेला द्रव, 'ओ' पेशींबरोबर मिसळून पाहिला, आणि त्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. पेपर आल्यावर आसपासच्या चार लॅबनी ती सीरमची तपासणी सुरू केली.

अर्जात 'महत्त्वाचे पाच पेपर' असाही एक रकाना आहे. तिने तो पेपर दुसऱ्या क्रमांकावर लिहिला.