निळा फेस्क्यू: खडकाळ उतारावरून वाफ्यात आलेलं गवत

दोन-तीन वर्षांत ठोंबाचा मधला भाग वाळतो आणि भोवती निळसर कडं तेवढं उरतं. निळा फेस्क्यू लावणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी दिसतंच. मग काळजीपोटी पाणी वाढवलं जातं, खत पडतं आणि ठोंब आणखी लवकर जातो. हा रोग नव्हे. हे गवत कुठून आलं ते कळलं की त्याचं असं वागणं उलगडतं.

फेस्क्यूचं शास्त्रीय नाव फेस्तुका. हा लॅटिन शब्द, अर्थ काडी किंवा गवताचा देठ. रोममध्ये गुलामाला मुक्त करताना ज्या काडीचा स्पर्श करत, तिलाही हेच नाव होतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये फेस्तुका ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, नोंदवली, पण निळ्या फेस्क्यूला ‘फेस्तुका ग्लाउका’ हे नाव दिलं दोमिनिक व्हिलार या फ्रेंच वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाने. आग्नेय फ्रान्समधल्या दोफिने प्रांताच्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1786 ते 1789 या काळात निघाला, आणि हे नाव त्यात 1787 साली आलं. पुढे बराच काळ बागकामाच्या व्यवहारात या गवताला मेंढी-फेस्क्यू या दुसऱ्या फेस्तुका जातीचा निळा प्रकार मानलं जाई. नावांचा हा घोळ अजून मिटलेला नाही. ‘ग्लाउका’ म्हणून विकली जाणारी बरीच रोपं प्रत्यक्षात जवळच्या ‘सिनेरिया’ जातीची किंवा संकरित असतात.

या गवताचं घर म्हणजे दक्षिण फ्रान्समधले उघडे, खडकाळ उतार. माती पातळ, पाणी पडलं की लगेच निथळून जाणारं, ऊन दिवसभर. पान लांबीच्या दिशेने आत वळून सुईसारखं झालेलं असतं आणि श्वसनाची रंध्रं त्या घडीत दडलेली असतात, त्यामुळे वाऱ्याने पाणी कमी उडतं. निळेपण रंगद्रव्याचं नाहीच. द्राक्षाच्या सालीवर असते तशी मेणाची बारीक पूड पानावर असते, आणि ती प्रकाश विखुरते म्हणून पान निळसर दिसतं. एक पान अंगठा आणि बोटात धरून घासा: घासलेली जागा साधी हिरवी निघेल. सावलीत किंवा भरपूर नत्र मिळालं की पानं मऊ, लांब वाढतात, मेण विरळ पडतं, आणि विकत घेतलेलं निळं गवत वर्षभरात हिरवट होतं.

बागेत ते आधी आलं काठाचं गवत म्हणून. एकोणिसाव्या शतकात युरोपात गालिचा-वाफ्यांची, म्हणजे बुटक्या रोपांनी गालिच्यासारखी नक्षी उठवण्याची, टूम होती आणि बुटक्या, एकसारख्या निळ्या झुबक्यांची ओळ रेषा आखायला सोयीची पडे. त्याला स्वतंत्र मान मिळाला तो विसाव्या शतकात जर्मनीत. पोट्सडामजवळच्या बोर्निममध्ये रोपवाटिका चालवणाऱ्या कार्ल फोर्स्टरने शोभेच्या गवतांचा आयुष्यभर पाठपुरावा केला आणि 1957 मध्ये गवतं आणि नेचे यांवर पुस्तकच लिहिलं. ब्लाउफुक्स म्हणजे ‘निळा कोल्हा’, ब्लाउग्लुट म्हणजे ‘निळा निखारा’: वाणांची ही जर्मन नावं त्या देशाचा वाटा सांगतात. आज सर्वांत जास्त दिसतो तो एलायजा ब्लू. रंग टिकवण्यात आणि जास्त वर्षं जगण्यात तो इतरांपेक्षा उजवा, म्हणून निवड करायची तर आधी हाच.

लागवडीत निचरा सगळ्यांत महत्त्वाचा. चिकणमाती असेल तर वाफा 15 सेंमी उंच करा आणि एक तृतीयांश भाग जाड खडी मिसळा. नुसती बारीक वाळू घालू नका, चिकणमातीत ती घट्ट बसते. रोपं 25 ते 30 सेंमी अंतरावर, म्हणजे चौरस मीटरला 11 ते 16. बुडाभोवती पालापाचोळ्याऐवजी 2-3 सेंमी खडी पसरा, कारण ओला पाला गड्ड्याला, म्हणजे मुळं आणि पानं जुळतात त्या भागाला, चिकटून राहिला की गड्डा कुजतो. खत देऊच नका. हे थंड हंगामातलं गवत असल्याने कडक उन्हाळ्यात वाढ थांबते, तेव्हा पानं फिकी दिसली म्हणून पाणी ओतू नये. उष्ण आणि दमट हवेत ते फार काळ टिकतच नाही.

हिवाळ्याच्या शेवटी हातमोजे घालून बोटांनी ठोंब विंचरा, मेलेली पानं निघून येतात. छाटणी करायचीच तर 8 ते 10 सेंमी ठेवा. जमिनीलगत कापलेला ठोंब फुटायला फार वेळ घेतो, कधी फुटतच नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे तुरे वाळले की देठ काढून टाका, कारण बी पडून उगवलेली रोपं मूळ वाणासारखी नसतात, बहुतेक हिरवी निघतात.

म्हणूनच वाण राखायचा तर विभागणी करावी लागते, आणि मधल्या वाळण्यावरचा उपायही तोच. फुटवे कडेने बाहेर सरकतात आणि जुना गाभा मागे मरत जातो. उतारावर ठोंब असा पसरू शकतो, वाफ्यात ते काम सुरीने करायचं. दर दोन-तीन वर्षांनी, वसंताच्या सुरुवातीला नवी पानं दिसू लागली की ठोंब मुळांसकट उचला, वाळलेला गाभा फेकून द्या, आणि कडेचे तुकडे असे करा की प्रत्येकात निदान 8-10 फुटवे आणि त्यांची मुळं येतील. एक-दोन फुटव्यांचा तुकडा बहुधा जगत नाही. पूर्वीच्याच खोलीवर लावा: गड्डा मातीत बुडाला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. पहिले तीन-चार आठवडे वरची माती कोरडी झाली की पाणी द्या, नंतर हळूहळू बंद करा.