एआरएम लॅपटॉपवर व्हीएलसी अडखळतंय? आधी आवृत्ती तपासा

स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप किंवा एम-मालिकेतला मॅकबुक घेतल्यावर काही ग्राहक काळजीत पडून दुकानात येतात. लग्नाचा फोर-के व्हिडिओ अडकत चालतो, पंखा घोंघावतो, बॅटरी भराभर उतरते. एवढे पैसे मोजून असं झालं की जीव हळहळणारच. पण मशीन परत करायचा विचार करण्याआधी हे पत्रक वाचा. बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर दुसऱ्या प्रोसेसरसाठी बनवलेला असतो.

इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर एका भाषेतल्या सूचना पाळतात, स्नॅपड्रॅगन आणि ॲपलच्या एम-मालिकेसारखे एआरएम प्रोसेसर वेगळ्या. इंटेलसाठीचं सॉफ्टवेअर एआरएमवर चालतं ते भाषांतर करून. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत हे काम प्रिझम करतो, मॅकवर रोझेटा २. पत्र टाइप करताना त्याचा फरक जाणवतही नाही. व्हिडिओचं मात्र तसं नाही. फोर-केच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि अशी २५ ते ६० चित्रं दर सेकंदाला उलगडायची असतात. म्हणून डीकोडरचा, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रोग्रॅमचा, सगळ्यात कष्टाचा भाग प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा, हाताने लिहिलेला असतो. एआरएमसाठी तो ‘निऑन’ सूचनांमध्ये असतो. इंटेलची आवृत्ती बसवली की ही सगळी मेहनत बाजूलाच पडून राहते.

तपासायचं कसं? विंडोजवर व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिटेल्स’मध्ये रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘आर्किटेक्चर’ हा रकाना जोडा. व्हीएलसीसमोर ‘एआरएम६४’ दिसलं पाहिजे. ‘एक्स६४’ किंवा ‘एक्स८६’ दिसलं तर भाषांतर चाललंय. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधल्या ‘काइंड’ रकान्यात ‘ॲपल’ हवं, ‘इंटेल’ नको. जुन्या इंटेल मॅकवरून सगळं सामान नव्यावर आणलं असेल, तर जुना प्लेअरही सोबत आलेला असतो. एम१ साठीचं व्हीएलसी जानेवारी २०२१ पासून, ३.०.१२ या आवृत्तीपासून मिळतं.

जुना प्लेअर काढून टाका आणि नवा फक्त व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. डाउनलोड बटणाशेजारच्या बाणावर क्लिक केलं की आवृत्त्यांची यादी उघडते, तिथून आपल्या प्रोसेसरची निवडा. २०२२ मध्ये हे संकेतस्थळ भारतात कित्येक महिने बंद होतं. तेव्हा अनेकांना भलत्याच साइटवरून व्हीएलसी उतरवायची सवय लागली, ती आता सोडा. बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली आहे.

आवृत्ती बरोबर असूनही अडकत असेल, तर विंडोजवर व्हीएलसीमध्ये ‘टूल्स’, ‘प्रेफरन्सेस’, मग ‘इनपुट / कोडेक्स’ इथे जा. ‘हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डीकोडिंग’ हे ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. चित्र हिरवट दिसलं किंवा फाटलं तर ‘डायरेक्टथ्रीडी ११’ निवडून पाहा. हार्डवेअर डीकोडिंग बंद असेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, आणि बॅटरी तिथेच जाते.

एक गोष्ट मात्र सेटिंगने बदलत नाही. एम१ आणि एम२ चिपमध्ये एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअरच नाही, ते एम३ पासून आलं. अशी फाइल त्या मॅकवर प्रोसेसरच्याच जोरावर चालेल आणि बॅटरी जास्त खाईल. फोटोग्राफरकडून व्हिडिओ घेताना एच.२६४ किंवा एचईव्हीसी या प्रकारांमध्ये मागितलात तर हा प्रश्नच येत नाही.

कोडेक पॅक, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रोग्रॅमचा वेगळा संच, बसवू नका. व्हीएलसीचे कोडेक त्याच्या आतच असतात, बाहेरच्या पॅकचा त्याला काही उपयोग नाही. आणि फाइल पेनड्राइव्हवरून अडकत असेल तर आधी लॅपटॉपवर कॉपी करून पाहा, दोष पुष्कळदा हळू पेनड्राइव्हचा निघतो.

एवढं करूनही जमलं नाही तर लॅपटॉप घेऊन या, पण जी फाइल अडकते तीच सोबत आणा. ती आम्ही तुमच्यासमोर चालवून बघू.