झाडावर चढायचं मोटरचं मशीन : काम देण्याआधी वाचायचा कागद

गेल्या दिवाळीपासून आमच्या टेम्पोत दोरांच्या पिशव्यांशेजारी आणखी एक जड पिशवी असते. ती उघडली की कुंपणापलीकडून शेजारी डोकावतात, पोरं मोबाइल काढतात आणि मग ठरलेले तीन प्रश्न येतात. हेच का ते नारळावर चढायचं यंत्र? याने काम किती लवकर उरकेल? आणि मग मजुरी कमी घ्याल ना? प्रत्येक अंगणात उभं राहून तेच सांगण्यापेक्षा कागदावर उतरवलं. सातारा, वाई, कोरेगाव, कराड आणि खाली तासगाव, सांगली, मिरज, जिथे जिथे झाडं छाटायचं, काढायचं काम घेतो तिथे हा कागद आधी देतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे : नाही. नारळाचं यंत्र केरळातून आलं. ते खोडाला तारेचा वेढा घालून पायाने चालवायचं असतं, त्याला सरळ आणि बिनफांदीचं खोड लागतं. आमचं मशीन खोडाला शिवतही नाही, ते दोरावर चढतं. म्हणजे आधी वर दोर हवा आणि दोर पेलायला भक्कम फांदी हवी. नारळाला फांदीच नाही. झावळीच्या बेचक्यात दोर अडकवून कुणी माणूस लटकवायला निघाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नारळ, सुपारीची कामं आम्ही मशीनने घेत नाही.

हे चालतं कसं

विहीर खोदताना यारी पाहिली असेल. तिच्यात तारेचा दोर ड्रमवर गुंडाळला जातो, चालवणारा काठावर बसतो आणि माणूस नाहीतर दगडाची पाटी खालून वर येते. आमच्या मशीनचं उलटं आहे. दोर जागेवरच राहतो, मशीन आणि माणूस मिळून त्याच्यावरून वर सरकतात. आत खोबणीचं एक चाक असतं. दोर त्या खोबणीत दाबून बसतो, मोटर चाक फिरवते, चाक दोराला धरून वर जातं आणि सुटलेला दोर शेपटासारखा खाली लोंबत राहतो. कंट्रोल चढणाऱ्याच्याच हातात. हात काढला की मशीन जागेवर थांबतं.

बॅटरीची काळजी लोकांना फार वाटते. ‘मध्येच चार्जिंग संपलं तर?’ हिशेब करून बघा. १०० किलो वजन ६० फूट उंच न्यायला निव्वळ ५ वॉट-अवर ऊर्जा लागते. सुताराच्या ड्रिलची १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॉट-अवरची असते. मोटरीतला आणि चाकातला तोटा धरला तरी दिवसाच्या चढाया सहज निघतात. आणि खरंच संपली, तर हाताने ब्रेक हळू सोडत खाली येता येतं, त्याला वीज लागत नाही. पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येक गड्याला दहा फुटांवर नेऊन बॅटरी काढायला लावली आणि उतरायला सांगितलं. ते जमल्याशिवाय कुणी वर गेलेलं नाही.

मोटर बंद पडली तर माणूस लटकतो, एवढंच. घात वेगळ्याच गोष्टींनी होतो.

फांदी, दोर आणि दुपटीचा हिशेब

आम्ही ११ मिलीमीटरचा कमी ताणणारा दोर वापरतो, युरोपच्या ईएन १८९१ प्रमाणाचा ‘ए’ प्रकार. गाठ नसलेला असा दोर किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २,२०० किलो ताण सोसतो. दोर तुटेल ही भीती त्यामुळे शेवटची. आधी भीती फांदीची.

दोर बहुतेक वेळा फांदीवरून टाकून त्याचं एक टोक खाली बुंध्याला बांधतात, दुसऱ्या बाजूने माणूस चढतो. फांदीवर आता किती वजन आलं? माणूस सामानासकट १०० किलोचा असेल तर १०० नाही, जवळपास २०० किलो. कारण बुंध्याकडची बाजूही तेवढ्याच ताणाने खाली ओढत असते. रहाटाच्या चाकाचं गणित आहे, पण झाडाखाली उभं राहून ते भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. त्यात मशीन झटक्याने सुरू केलं की हिसका वेगळा. म्हणून वर जाण्याआधी आमची दोन माणसं त्या दोराला एकदम लोंबकळतात आणि वरचेवर झोके देतात. बघणाऱ्यांना हसू येतं. येऊ द्या.

बुंध्याकडचं टोकही आम्ही नुसतं करकचून बांधत नाही. तिथे ब्रेकचं साधन लावतो, म्हणजे वरच्या माणसाला भोवळ आली, हात कापला, काहीही झालं, तर खालचा गडी त्याला तिथूनच सावकाश उतरवू शकतो. पट्ट्यात निपचित लटकून राहिलेल्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत थांबायची ती गोष्ट नाही. त्या बुंध्यापाशी जो गडी बसलेला दिसतो तो बसून पैसे खात नाहीये, त्याचं काम तेच आहे.

मशीनला कळत नाही

हातापायाने चढणारा माणूस डोक्याला फांदी लागली की आपोआप थांबतो. मोटर थांबत नाही. हेल्मेट फांदीखाली अडकलं, हात दोर आणि खोडाच्या मध्ये सापडला, कमरेचं कटर बेचक्यात गुंतलं, तरी बटण दाबलेलं आहे तोवर ती ओढतच राहते, आणि तो सगळा ताण परत वरच्या फांदीवर जातो. म्हणून चढताना नजर वर, वेग कमी, आणि शेवटचे पाच-सहा फूट मशीन जवळजवळ रांगतं. खालून ‘अहो, चालू करा की जोरात’ असं कृपा करून ओरडू नका.

दुसरी गोष्ट आग्या मोहोळाची. उंच निलगिरी, सिल्व्हर ओक, वड, पाण्याच्या टाकीशेजारची झाडं, या त्यांच्या लाडक्या जागा. मशीनने माणूस मिनिटा-दोन मिनिटांत मोहोळाच्या उंचीला पोचतो, पण तेवढ्या लवकर खाली येत नाही. तुमच्या झाडावर मोहोळ आहे, गेल्या वर्षी होतं, किंवा शेजाऱ्याच्या झाडावर आहे, हे आम्हाला फोनवरच सांगा. आल्यावर दिसलं तर आम्ही दोर न टाकता परत जातो आणि येण्याजाण्याचं भाडं घेतो. यावरून एका गृहस्थांशी आमचं वाजलं आहे, पण नियम बदललेला नाही.

आणि कटर, म्हणजे चेनसॉ. ताणलेल्या दोराला चालू कटरची साखळी नुसती टेकली तरी पुरे, दोर गेला. त्यामुळे मशीनवर लटकून आम्ही कापत नाही. वर पोचल्यावर माणूस आपल्या चढाईच्या दोरावर जातो, शिवाय कमरेचा आतून पोलादी तार असलेला पट्टा खोडाभोवती घेतो. दोन ठिकाणी बांधून झाल्यावरच कटर चालू होतं. मशीन तेव्हा खाली पाठवलेलं असतं.

मग वेळ आणि पैसे वाचतात कुठे

खरं सांगायचं तर पहिल्या चढाईत फारसं काही वाचत नाही. तीनशे ग्रॅमची छर्‍यांची पिशवी बारीक दोरीला बांधून नेमक्या बेचक्यातून पलीकडे टाकायची, तिच्यामागे मोठा दोर ओढून घ्यायचा, मधल्या फांद्यांतून तो सोडवायचा, ताण देऊन बघायचा. हे कधी दहा मिनिटांत होतं, कधी तासभर जातो. त्यापुढे चढायला मशीनने मिनिट-दोन मिनिटं लागली काय आणि अंगमेहनतीने दहा मिनिटं लागली काय, तुमच्या बिलात फरक पडत नाही. बिल ठरतं ते फांद्या कुठे उतरवायच्या यावर. खाली कौलं आहेत, द्राक्षाचा मांडव आहे, की मोकळं रान, त्यावर.

फायदा दुपारनंतर दिसतो. आमच्या टोळीतला सगळ्यात जुना गडी आता पन्नाशी ओलांडून गेला. झाड वाचण्यात त्याच्याइतका तरबेज आमच्यात कुणी नाही, पण गुडघे बोलतात. मशीन नव्हतं तेव्हा तो तिसऱ्या चढाईला दमलेला असायचा आणि दमलेला माणूस कटर हातात घेतो ते आम्हाला कधीच आवडलं नाही. आता तो चौथ्यांदा वर जातो तेव्हाही हात ताजे असतात. मशीन घेतलं ते या एका कारणासाठी. मजुरी कमी होणार नाही, पण मशीनचं वेगळं भाडंही आम्ही लावत नाही.

झाडाचाही थोडा फायदा आहे. खिळ्यांचे बूट घालून चढलं की प्रत्येक पावलाला सालीत भोक पडतं. जे झाड राखायचं आहे त्याला ती जखम कशाला? ते बूट आम्ही फक्त मुळासकट काढायच्या झाडाला वापरतो. राखायच्या झाडाला दोर टाकतानाही खाली पट्टा घालतो, म्हणजे साल घासत नाही.

कुठलं झाड मशीनचं, कुठलं नाही

पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन या इंग्रजाने तिथे लावलेला सिल्व्हर ओक आता सातारा भागात बांधाबांधाला दिसतो. उंच, सरळ, मशीनला हवा तसाच. पण त्याच्या आडव्या फांद्या ठिसूळ असतात, काडकन मोडतात. दोर खोडाला अगदी चिकटून बसला पाहिजे, फूटभर बाहेर सरकला तरी आम्ही काढून पुन्हा टाकतो. निलगिरीचंही तेच. चिंचेचं लाकूड चिवट, तिच्यावर लटकायला आम्हाला भीती वाटत नाही. जुना आंबा बाहेरून ठणठणीत आणि आतून पोकळ निघू शकतो, म्हणून त्याला आधी लाकडी हातोड्याने ठोकून आवाज ऐकतो.

वडाला मात्र मशीन बहुतेक पिशवीतच राहतं. जावळीतल्या म्हसवे गावचा वड १८८२ साली मोजला तेव्हा त्याच्या पसाऱ्याचा घेर १,५८७ फूट भरल्याची नोंद आहे. असलं झाड उंचीपेक्षा आडवं वाढलेलं असतं. मशीन सरळ वर जाणार, काम तर बाजूला पन्नास फुटांवर. तिथे शिडी, पारंब्या आणि जुन्या पद्धतीचे दोरच बरे.

बुंध्याशी फळीसारखी अळंबी फुटलेली दिसली, मुळाजवळची माती उचललेली दिसली, किंवा झाड वळवाच्या वाऱ्याने नुकतंच कललं असेल, तर त्यावर आम्ही माणूस लटकवत नाही. गुलमोहर आणि रेनट्री यात पहिले. अशा वेळी बास्केटची क्रेन मागवावी लागते आणि तिचा खर्च वेगळा.

तुमच्याकडून काय लागतं

परवानगी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या आणि नगरपरिषदांच्या हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज समजलं जातं. गावाकडे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, चिंच, फणस, जांभूळ हे सगळे त्याच्या यादीत आहेत, ‘माझ्या बांधावरचं आहे’ हे कारण चालत नाही. अर्ज तुम्ही करायचा. अर्जाला जोडायला झाडाची पाहणी आणि फोटो आम्ही देतो. कागद हातात आल्याशिवाय तारीख देत नाही.

तारा. झाडाजवळून लाइन गेली असेल तर महावितरणकडे अर्ज करून ती बंद करून घ्यावी लागते. घरचा मेन स्विच पाडला म्हणजे बाहेरची लाइन बंद होत नाही. ओल्या दोरातून आणि ओल्या फांदीतून वीज उतरते. वायरमन समोर येऊन सांगेपर्यंत आमचा माणूस जमिनीवरच थांबतो.

पाऊस. जत, आटपाडी, माणकडे जून ते सप्टेंबरमध्येही कोरडे दिवस मिळतात आणि आम्ही काम करतो. मेढा, बामणोली, महाबळेश्वरच्या बाजूला त्या चार महिन्यांत तारीख मागू नका. भिजलेला, चिखल लागलेला दोर चाकात घसरतो. वळवाचे दिवस असतील तर सकाळी सातला येऊन दुपारी दोनला आवरतो. ढगांचा आवाज आला की त्याआधीही.

अंगण. दोरावर पाय देऊ नका, आणि गाडी तर नकोच. एका बंगल्यात मालकांनी घाईने गाडी मागे घेतली आणि लोंबत्या दोराच्या शेपटावरून चाक गेलं. वरून काही दिसत नव्हतं, पण खडीचे कण दाबून आत शिरले की दोर आतून कातला जातो. तो दोर आम्ही त्याच दिवशी बाद केला. तेव्हा पैसे मागितले नाहीत, आता मागतो. कुत्रं बांधून ठेवा. लहान मुलांना गच्चीवरून बघू दे, फाटकापाशी नको.

एक विनंती वेगळी. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काय बनवून मिळत नाही? ड्रिल मशीनला पुली जोडून ‘असलंच’ यंत्र करून देणारे आता भेटतील. ट्रॅक्टरला दोर बांधून माणूस वर ओढणारेही आहेत. त्यातलं माल उचलायला ठीक असेल. माणसासाठी बनवलेल्या यंत्राला आपोआप लागणारा ब्रेक असतो, किती वजन पेलेल ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि त्याची ठरल्या वेळी तपासणी होते. कामाला कुणालाही बोलवा, पण त्याच्याकडे हे तीन आहेत का विचारा, आणि त्याचा विमा आहे का तेही. आमची कागदपत्रं टेम्पोतच असतात, मागून बघा.

पाहणीला येण्याआधी चार फोटो पाठवा. पहिला पूर्ण झाडाचा, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. दुसरा बुंध्याचा, पालापाचोळा बाजूला करून. तिसरा झाडाखाली उभं राहून सरळ वर बघत काढलेला. चौथा आजूबाजूचा, तारा, पत्रे, विहीर, शेजाऱ्याची भिंत सगळं येईल असा. संध्याकाळी काढलेल्या फोटोत फांद्या काळ्या दिसतात, म्हणून सकाळी काढा.