मोपा ते जळगाव: अंतर किती, वेळ किती?

छोट्या विमानतळांमधला प्रवास किती वेळाचा, हे काढताना बहुतेक जण अंतराला विमानाच्या वेगाने भागतात. लांबच्या प्रवासात हे उत्तर फारसे चुकत नाही, पण गोव्यातल्या मोपा विमानतळाहून एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाने जायचे असेल तर सपशेल फसते.

आधी अंतर. मोपाचे अक्षांश-रेखांश सुमारे १५.७४ आणि ७३.८६, जळगावचे २०.९६ आणि ७५.६३. अक्षांशातला फरक ५.२२ अंश, एक अंश साधारण ११०.६ किलोमीटरचा, म्हणून ५७७ किलोमीटर. रेखांशातला फरक १.७७ अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे इथे १११.३ ला मधल्या अक्षांशाच्या (१८.३५) कोसाइनने गुणायचे. एक अंश १०५.६ किलोमीटरचा होतो, म्हणजे १८७ किलोमीटर. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ६०७ किलोमीटर, म्हणजे ३२८ नॉटिकल मैल. पृथ्वी गोल असली तरी एवढ्या अंतरात पायथागोरसवर काम भागते.

चूक होते ती भलतीकडेच. १५ अंश साडेचव्वेचाळीस मिनिटे म्हणजे १५.७४, घाईत १५.४४ लिहिले की मोपा पेडण्यातून उठून बांबोळीच्या आसपास येते, आणि हिशेबात ३३ किलोमीटरचा फरक पडतो. रेखांशालाही तेच केले तर विमानतळ समुद्रात!

आता वेळ. एटीआरचा वर पोचल्यानंतरचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. भागाकार सांगतो ७३ मिनिटे. पण १८,००० फुटांवर जायचे तर मिनिटाला सरासरी हजार फूट धरून १८ मिनिटे चढण, आणि चढताना वेग ताशी ३५० च्या घरात. त्यात १०५ किलोमीटर कापले जातात. पूर्ण वेगाने त्यांना १३ मिनिटेही लागली नसती. उतरताना दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल हा वैमानिकांचा ढोबळ नियम. म्हणजे शेवटचे १०० किलोमीटर उतरणीचे, त्यांना १५ मिनिटे. मधले ४०० किलोमीटर ४८ मिनिटांत. झाली ८१.

शिवाय मोपाची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि जळगाव उत्तरेला. पश्चिमेचा वारा असला की विमान समुद्राकडे झेपावते, मग वळते. तिकडे उतरतानाही धावपट्टीच्या रेषेत यायला फेरा पडतो. या वळणांची पाच-सहा मिनिटे आणि दोन्हीकडच्या जमिनीवरच्या चालीची दहा धरली तर उत्तर ९५ ते १०० मिनिटांवर जाते. तिकिटावर छापतात ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, हवेतली नव्हे. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला तर मधल्या टप्प्याला आणखी चार मिनिटे.

थोडक्यात, भागाकारात २५ मिनिटे मिळवायची. हीच २५ मिनिटे मोपा ते सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या ४५ किलोमीटरलाही जवळपास तेवढीच लागू पडतात. तिथे भागाकार पाच मिनिटांचा, प्रत्यक्ष प्रवास अर्ध्या तासाचा, आणि विमान पूर्ण वेग घेण्याआधीच उतरू लागलेले.