कलाप्रकल्प नियोजन (ग्रामीण विदर्भातील माध्यमिक शाळा)

इयत्ता आठवी ते दहावीच्या चित्रकलेच्या तासाला विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष हाताने करायच्या कामांची वर्षभराची आखणी. मातीकाम, कागदलगदा, बांबूकाम, ठसेछपाई, वनस्पतिरंग, कोळशाची रेखाटने, भित्तिचित्र ही त्यातली नेहमीची कामे. ग्रामीण विदर्भात ही आखणी पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने केली तर फसते. तिथे ती पाऊसपाणी, शेतीचा हंगाम आणि गावात फुकट मिळणारे साहित्य यांच्या हिशेबाने करावी लागते.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार विदर्भाला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण बांधण्याची कल्पना मांडली. त्यातून झाकिर हुसेन समिती आणि पुढे ‘नयी तालीम’ आली. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार-कुंभकार देवी प्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत सेवाग्रामला कलाशिक्षक होते. आज मात्र सेवाग्रामच्या आसपासच्या शाळेतही चित्रकला म्हटले की पालकांना आधी आठवते ती शासकीय ग्रेड परीक्षा.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांचा सराव लागतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे या तयारीला घरून कोणी हरकत घेत नाही. परीक्षा पावसाळा सरताना येते, म्हणजे पहिले सत्र तिच्यातच जाते. त्यात विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या सत्रात एकच मोठा प्रकल्प घेणे शहाणपणाचे, आणि तो पोळ्याचा.

पोळा श्रावण अमावस्येला येतो. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात लहान पोरे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. या दिवसांत मातीचा बैल करायला सांगितले तर विषय समजावण्यात तासिका खर्ची पडत नाही. वशिंड कुठे चढते, खांदा कुठे उतरतो हे बहुतेक मुलांना शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असते. खरी अडचण मातीची. कापसाची काळी माती भिजली की फुगते आणि वाळताना इतकी आकसते की बैलाचे पाय पोटापासून सुटतात. तिच्यात चाळलेली राख किंवा बारीक रेती मिसळावी, नाहीतर कुंभाराकडून तयार माती आणावी. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ हाताशी असतो. खडे आणि मुळ्या काढल्या की तो चांगला चालतो. पारख सोपी आहे: करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळावी. तिला भेगा पडल्या तर माती अजून मळायला हवी किंवा तिच्यात रेती जास्त झाली आहे. पाय पोटाला नुसते चिकटवू नयेत. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून पातळ चिखल लावून मगच दाबावेत. पावसाळी हवेत जाड बैल वाळायला बरेच दिवस घेतो, म्हणून आतून पोकळ करावा. हा एक धडा पुस्तकात कुठेच नसतो.

कागदलगदा याच दिवसांत घेऊ नये. तो आंबतो, त्याला बुरशी येते. मुखवटे हवेच असतील तर दिवाळीनंतर घ्यावेत. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, तोवर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रंगभूषेचे नमुने गावातच पाहायला मिळतात.

दिवाळीनंतर हवा कोरडी असते, पण वर्ग भरलेला नसतो. पश्चिमेकडे कापूस वेचणी, पूर्वेकडे धानाची कापणी-मळणी. वरच्या वर्गातील मुले-मुली शेतात असतात. आठवडाभर गटाने पुढे न्यायचा प्रकल्प या काळात कोलमडतो. एका तासिकेत सुरू होऊन तिथेच संपणारी कामे घ्यावीत: भेंडी किंवा कांद्याच्या कापाचे ठसे, पानांची छपाई, कोळशाची रेखाटने.

कोळसा विकत आणायची गरज नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, सरळ, वाळलेल्या काड्या साल काढून डब्यात घट्ट भरायच्या, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचे आणि डबा शेकोटीत ठेवायचा. भोकातून आधी पांढरी वाफ, मग दाट धूर येतो. धूर थांबला की डबा बाहेर काढावा, भोक मातीने बुजवावे आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर हवा लागून काड्या पेट घेतात. हे काम शिक्षकानेच करावे. पऱ्हाटी लागेल तेवढीच आणावी. तिचे ढीग शाळेच्या आवारात रचून ठेवले तर त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि शेजारचा शेतकरी बोल लावतो, तो योग्यच.

बांबूकामाला चंद्रपूर-गडचिरोली आणि मेळघाटात साहित्याची ददात नाही. चिरण्याचे काम गावातील बुरडाकडून करून घ्यावे, मुलांनी विणकाम करावे. कमच्यांच्या कडा धारदार असतात, त्या आधी तासून घ्याव्यात. कारागिराला शाळेत बोलावायचे तर त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो हे धरून मानधनाची तजवीज करावी. नुसते शाल-श्रीफळ देऊन पाठवणे बरे दिसत नाही.

फाल्गुनात पळस फुलतो. फुले उकळून गाळलेल्या पाण्यात तुरटी टाकून सुती कापड रंगवता येते. चिमूटभर चुन्याने रंग गडद केशरी होतो. हा रंग उन्हात उडतो, हे मुलांना आधीच सांगावे, किंवा एका कापडाचा अर्धा भाग झाकून महिनाभर उन्हात टांगावा. मात्र दहावीचा वर्ग तोवर बोर्डाच्या परीक्षेत अडकलेला असतो, त्यामुळे हा प्रकल्प आठवी-नववीपुरताच उरतो.

मूल्यमापनात तयार वस्तूलाच गुण देण्याची सवय आहे. त्यात घरून मोठ्या भावाने करून दिलेला बैल वरचढ ठरतो. वर्गातच काम करून घेणे आणि वहीत दोन-तीन टप्प्यांची रेखाटने मागणे हा त्यावरचा चालणारा उपाय.

साठवणुकीचा विचार एप्रिलमध्येच करावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद खोलीत ठेवलेले कागद आणि पुठ्ठे उधई (वाळवी) खाते, बांबूला भुंगेरे लागतात. चित्रे आणि टोपल्या मुलांना घरी न्यायला द्याव्यात. न भाजलेले बैल कोणी नेले नाहीत तर फोडून, भिजवून तीच माती पुढच्या वर्षी वापरता येते. रंगवलेले मात्र वेगळे काढावेत.