छापील किमतीच्या आत

थ्री-वे म्हणजे करंगळीएवढी प्लास्टिकची तोटी. एका तोंडाला सलाइनची नळी, दुसऱ्याला हाताच्या शिरेत घातलेल्या कॅन्युलाची, तिसरे तोंड इंजेक्शनसाठी मोकळे. मधला दांडा फिरवला की हवी ती वाट उघडते. माझे काका पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आठ दिवस होते. डिस्चार्जच्या वेळी बिलाला जोडलेल्या फार्मसीच्या कागदांत ही तोटी चार ठिकाणी भेटली, चारही वेळा छापील किमतीला, पैसाही जास्त नाही. काउंटरवर विचारले तर तिथल्या मुलाने शांतपणे पाकीट पुढे केले. "सर, एमआरपी बघा ना." त्याचे काहीच चुकले नव्हते. खरी गोम त्या पाकिटावरच्या आकड्यात होती.

त्या आकड्यामागे काय असते हे फेब्रुवारी २०१८ मध्ये अधिकृतपणे बाहेर आले. आदल्या वर्षी गुरुग्रामच्या एका रुग्णालयात डेंग्यूने गेलेल्या सात वर्षांच्या मुलीचे बिल सुमारे सोळा लाख झाले होते आणि देशभर ओरड झाली होती. त्यानंतर राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली. थ्री-वे रुग्णालयाला पडला होता ५ रुपये ७७ पैशांना, रुग्णाला लावला होता १०६ रुपयांना. नफा १,७३७ टक्के. औषधे, साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा ४६ टक्के भाग होता, पण सरकारने ज्यांच्या किमती बांधून दिल्या आहेत त्या औषधांचा वाटा जेमतेम ४ टक्के. ज्या औषधाला सरकारी लगाम नाही तेच लिहिले जात होते. एनपीपीएने आणखी एक गोष्ट नोंदवली: उत्पादक आपला नफा काढून घेतल्यावर, पुढच्या साखळीची सोय म्हणून छापील किंमत फुगवून ठेवतात.

इथे जरा मागे जायला हवे. पन्नाशीच्या पुढच्यांना डॉक्टरांकडचे लाल मिक्श्चर आठवत असेल. बाटलीवर डोसाच्या खुणांसाठी कातरलेली कागदी पट्टी, आणि आत कंपाउंडर काचेची सिरिंज उकळत ठेवणार. तीच सिरिंज शंभर जणांना. तेव्हा रुग्णालयात 'साहित्य' म्हणून वेगळे विकण्यासारखे फारसे काही नव्हतेच. ऐंशीच्या दशकात एचआयव्हीची भीती आली, एकदा वापरून फेकायच्या वस्तू आल्या आणि त्या यायलाच हव्या होत्या. पण त्यांच्याबरोबर प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पाकीट आले, पाकिटावर किंमत आली, आणि बिलात ओळ आली.

कायदा मात्र गोळ्यांकडे बघत होता. औषध किंमत नियंत्रण आदेश पहिल्यांदा १९७० मध्ये आला. १९७९ च्या आदेशात ३४७ औषधे नियंत्रणाखाली होती, १९८७ मध्ये १४२ उरली, १९९५ मध्ये ७४. एनपीपीए १९९७ ची. २०१३ च्या आदेशाने यादी पुन्हा ३४८ वर नेली, पण हिशेबाची रीत बदलली. आधी उत्पादनखर्चावरून किंमत ठरायची. आता बाजारात एक टक्का तरी वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के धरायचे. ब्रँड मुळातच महाग असतील तर सरासरीही महागच येणार. यादीबाहेरच्या औषधांवर बंधन एवढेच, की छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. पहिली किंमत किती छापायची, यावर अवाक्षर नाही.

एमआरपी ही कल्पना ग्राहकाच्या रक्षणासाठीच आली. १९९० पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले, म्हणजे दुकानदाराने 'टॅक्स वेगळा' म्हणू नये. बिस्किटाच्या पुड्यावर ही युक्ती छान चालते, कारण पुडा महाग छापला तर गिऱ्हाईक शेजारचा उचलते. रुग्णालयात उचलणारे गिऱ्हाईक वेगळे आणि पैसे देणारे वेगळे. निवड खरेदी विभाग करतो, आणि तो बघतो ते खरेदीची किंमत आणि छापील किंमत यांतले अंतर. मग उत्पादकांची चढाओढ उलट्या दिशेने सुरू होते: ज्याची एमआरपी जास्त, त्याचा माल आत.

सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक दुकानांत थोडा वेळ उभे राहिले तरी हे कानावर पडते. तिथे एमआरपीचा उच्चार क्वचितच होतो. बोलणे असते 'नेट रेट'चे, 'स्कीम'चे, 'दहावर दोन'चे, म्हणजे दहा घेतले की दोन फुकट. छापील किंमत हा त्या गल्लीत कुणाचाच भाव नसतो, तो फक्त रुग्णाचा.

सरकारी खरेदीत नफा नाही म्हणून सगळे आलबेल, असेही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीची आणि औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. तमिळनाडूने १९९५ पासून स्वतंत्र महामंडळामार्फत खरेदी करून, प्रत्येक बॅच तपासून घ्यायची घडी बसवली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये हे काम हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिले आणि २०२३ मध्ये काढून घेऊन वेगळे प्राधिकरण नेमले.

खासगी बाजूला मोठा धक्का एकदाच बसला. १३ फेब्रुवारी २०१७ ला स्टेंटची, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीची, किंमत बांधली गेली: साधा ७,२६० रुपये, औषधी लेप असलेला २९,६००. त्याआधीच्या महिन्यात एनपीपीएनेच दाखवले होते की रुग्णालयाच्या पातळीवर नफा ६५४ टक्क्यांपर्यंत जातो. ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांचीही पाळी आली. पण स्टेंट बसवताना लागणारा फुगा आणि तार मोकळेच राहिले.

पुण्याने बिलांची उलटतपासणी खऱ्या अर्थाने पाहिली ती कोविडात. मे २०२० मध्ये राज्याने दर ठरवले: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई आणि महागडी औषधे त्यात धरलेली नव्हती. महापालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने लेखापरीक्षक बसवले, जादा आकारलेल्या रकमा कमी झाल्या. साथ ओसरली, लेखापरीक्षक उठले. जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नियम बदलून रुग्णहक्कांची सनद आणि १५ सेवांचा दरफलक सक्तीचा झाला. पुण्यातली 'साथी' संस्था आणि जन आरोग्य अभियान यांनी रुग्णहक्कांचा हा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला होता. फलकावर खाट आहे, आयसीयू आहे, ऑक्सिजन आहे. थ्री-वे नाही.

गंमत म्हणजे 'खरेदीची किंमत' हे शब्द आपल्याकडच्या एका योजनेत आहेत. धर्मादाय रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत निर्धन रुग्णाच्या बिलात औषधे आणि साहित्य रुग्णालयाला पडलेल्या भावाने धरायचे, असे म्हटले आहे. म्हणजे तो भाव काढता येतो, कागदावर असतो.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयातल्या दुकानांच्या सक्तीचा प्रश्न राज्यांकडे सोपवला. त्याच वर्षी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने फलक लावायला सांगितले: इथूनच औषधे घेणे बंधनकारक नाही. काकांच्या फॉलो-अपला गेलो तेव्हा तो फलक मी पाहिला. निळ्या अक्षरांत, काचेच्या आत, ओपीडीच्या खिडकीवर. भरती असताना आमच्यापैकी कुणी त्या खिडकीपाशी गेलेच नव्हते. वरच्या मजल्यावर सिस्टर संगणकावर मागणी टाकायच्या, वॉर्डबॉय ट्रे घेऊन यायचा, आणि थ्री-वे हाताला लागलेला असायचा.